ढोलगडाच्या तीन पायऱ्या

ज्याच्या पायरीचं काम त्यानंच करायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही.

ढोलगडावर हा नियम होता. तोफ असो, बंदूक असो, भाला असो. पुसायचं काम शिपायाचं. ठोकायचं काम लोहाराचं. आणि काही उघडायचं असेल तर ते राजधानीच्या कारखान्याचं. सगुणानं लहानपणी एकदाच विचारलं होतं, असं का? तेव्हा किल्लेदार, हिशेब ठेवणारे सबनीस आणि गडाचं कोठार सांभाळणारे कारखानीस या तिघा वडीलधाऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं दारूकोठारात चूल पेटवली होती.

तर या ढोलगडावर एक भोळा तोफची होता. नाव हैबती. सगुणाचा थोरला भाऊ. अंगानं रेड्यासारखा. दोन काखांत दोन तोफगोळे घेऊन गाणं म्हणत गड चढायचा. त्याला सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा. बहीणभावाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

थोरल्या तोफेचं तोंड पुसायचं आणि वेळ आली की बत्ती द्यायची, एवढं हैबतीचं काम. एकदा तोफेच्या तोंडात साळुंकीनं घरटं केलं. हैबतीनं घरटं बाहेर काढलं. पुसलं. अंडी पुसली, त्यांना तेल लावलं. आणि सगळं जिथल्या तिथं परत ठेवून दिलं.

पाडव्याला एक सरदार पाहुणे आले. हैबतीनं सलामीची बत्ती दिली. तोफ आधी खोकली, मग फुटल्यासारखी ओरडली. सरदारांच्या मिशीवरून अंडं ओघळलं. आणि तोफेला, बत्तीच्या भोकाशी, चीर गेली.

घरटं काढलं का नाहीस, असं किल्लेदारांनी विचारलं. हैबती म्हणाला, पुसायचं सांगितलं होतं, पुसलं.

किल्लेदारांनी कपाळ चोळलं. म्हणाले, "हे बघ. लहान बिघाड दिसला तर आपणच निस्तरायचा. मोठं काही असेल तर राजधानीला पाठवायचं. कळलं?"

हैबतीला कळलं. त्यानं चीर मोजली. नखाएवढी. म्हणजे लहान. त्यानं ज्वारीच्या पिठाची खळ करून चिरेत भरली आणि वरून काजळी फासली. मग त्याला सदरेवरचं जाजम दिसलं. उंदरानं कुरतडलेलं होतं, भोक बोराएवढं. पण जाजम केवढं मोठं. त्यानं ते गुंडाळलं, बैलगाडीत घातलं आणि तोफांच्या कारखान्याला पाठवून दिलं.

वडीलधारे पावसाळाभर उघड्या दगडावर बसले. तिघांच्याही कमरा धरल्या.

"अरे आकार काय बघतोस," किल्लेदार कण्हत म्हणाले. "जे बिघडलं तर माणूस दगावेल, ते राजधानीला पाठवायचं."

सगुणाला वाटलं, चला, आता तोफ जाईल. कारण तिला झोप नव्हती. पाडव्याची सलामी फसली म्हणून दसऱ्याला दुप्पट दारू ठासायचं ठरलं होतं. तोफ फुटली तर तोफेजवळ एकच माणूस असणार होता, हातात बत्ती घेऊन.

पण हैबतीनं पाहिलं, गडावरचे वैद्यबुवा खोकत होते. त्यानं विचार केला. वैद्य बिघडला तर गडावर कोण वाचणार? त्यानं वैद्यबुवांना पेंढ्यात गुंडाळलं, सुंभानं बांधलं आणि गाडीत आडवं घातलं. वैद्यबुवा फार ओरडले. हैबती म्हणाला, बिघडलेली वस्तू कुरकुरतेच.

"दादा, आणि तोफ?" सगुणानं विचारलं.

"तिला काय झालंय? चीर दिसतच नाही."

सगुणा तडक सदरेवर गेली. कारखानीस आले, त्यांनी तोफेवरून हात फिरवला. चीर कुठाय, म्हणाले. पिठाखाली आहे, सगुणा म्हणाली. मग कारखानिसांनी पीठ काढणं कोणत्या पायरीचं काम, यावर बराच विचार केला. ते पुसणं नव्हतं, ठोकणंही नव्हतं. शेवटी चीर दिसत नाही म्हणजे चीर नाही, असं ठरलं. तिघांनी माना डोलावल्या.

"आबासाहेब, माझा भाऊ मरेल," सगुणा म्हणाली.

"पोरी, या बाबतीत विचारायचं नसतं," किल्लेदार म्हणाले.

तोफेला मुंग्या लागल्या होत्या. त्याबद्दलही कोणी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वैद्यबुवा परत आले. कारखान्यानं त्यांना पायापासून शेंडीपर्यंत वंगण लावून पाठवलं होतं. ते गाडीतून उतरताना दोनदा निसटले.

किल्लेदारांचा आता धीर सुटला. "हैबती, वरवरचं बघू नकोस. बिघाड जिथून सुरू होतो ते मूळ शोध. तेवढंच उचल आणि पाठव. आणि मला परत विचारायला येऊ नकोस."

दसऱ्याला सकाळी हैबती तोफेपाशी मूळ शोधत बसला. चीर कशानं गेली? घरट्यानं. घरटं का राहिलं? नुसतं पुसायचा हुकूम होता म्हणून. पीठ का भरलं? लहान बिघाड आपणच निस्तरायचा हुकूम होता म्हणून. जाजम? हुकूम. वैद्य? हुकूम. हैबती उठला. हुकूम जिथून येतो तिकडे चालू लागला.

सदरेवर वडीलधारे पुरणपोळ्या खाऊन आडवे झाले होते. तिघेही घोरत होते. म्हणजे कुरकुरत होते. हैबतीची खात्री पटली.

सगुणा दरवाजाशी पोचली तेव्हा गाडीत पेंढ्याचे तीन गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक मुंडकं बाहेर आलेलं होतं.

"पोरी, हे सोड," किल्लेदार म्हणाले. "दिवस मावळायला सलामी द्यायचीय. मी नसलो तर हुकूम कोण देणार?"

"कोणीच नाही," सगुणा म्हणाली. तिचा श्वास पाडव्यानंतर पहिल्यांदा मोकळा झाला.

सबनीस वयाची आठवण करून देऊ लागले. कारखानीस म्हणाले, पोरीच्या जातीनं वडिलांचं ऐकावं. किल्लेदारांनी हुकूम केला, मग विनवलं, मग पुन्हा हुकूम केला.

सगुणानं गाठ नीट पाहिली. तिला ती सहज सुटली असती. तिनं हात मागे घेतले.

"आबासाहेब, हे पुसणं नाही. ठोकणंही नाही. हे उघडणं आहे. उघडायचं काम राजधानीच्या कारखान्याचं. मी हात लावणार नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

सबनिसांनी कारखानिसांकडे पाहिलं. कारखानीस पेंढ्याकडे बघत राहिले. तिघेही गप्प झाले.

हैबतीनं वाकून तिघांच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ ऐकलं.

"सगुणे," तो म्हणाला, "कुरकुर थांबली गं. न पाठवताच दुरुस्त झाले वाटतं."