वाळूच्या देशाची खुशाली

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा सगळ्यांना सगळ्यांची भाषा यायची. गाढवांनाही यायची. तरीसुद्धा गैरसमज आजच्याइतकेच व्हायचे.

त्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. अंबाडीच्या सालीचा वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हा त्या गावाचा धंदा. आणि देवाकडं स्वतःसाठी काही मागायचं नाही, ही त्या गावाची रीत. मागायचं ते दुसऱ्यासाठी. संध्याकाळी सगळी मंडळी चौकात जमायची, दोराच्या वेटोळ्यांवर बूड टेकायची आणि हात जोडायची. एक माणूस उभा राहून मागणं मोठ्यानं म्हणायचा, बाकीचे त्याच्यामागून म्हणायचे. त्या माणसाला सगळे मागणेबुवा म्हणत.

बुवांचा आवाज दांडगा. देवाला ऐकू जायचं की नाही ते देव जाणे, पण समोरच्या डोंगरावरच्या म्हशी चरणं थांबवून माना वर करायच्या.

एकदा एक मिठाचा व्यापारी गावात आला. तो फार लांबून, मावळतीकडच्या देशातून येत होता. तो म्हणाला, "तिकडं वाळूच्या कडेला गुराखी लोक राहतात. मोठमोठ्या शिंगांच्या गाई, गोरखचिंचेची झाडं, गवताच्या गोल झोपड्या. लाखमोलाची माणसं. पण त्यांचं काही खरं दिसत नाही. वाळूचा वारा सुटायच्या आत काही झालं नाही, तर त्यांची वस्ती फुटणार. चार घरं चार दिशांना."

"अरे देवा! कशामुळं?" बुवांनी विचारलं.

"ते ऐकायला थांबलो नाही. घाईत होतो."

गाव हळहळलं. लगेच हात जुळले. पण मागायचं काय? तिकडं कुणी गेलेलं नव्हतं. मग ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं.

"त्यांची छपरं गळत असतील," एकजण म्हणाला. त्याचं स्वतःचं गळत होतं.

"रानडुकरं पीक खात असतील," दुसरा म्हणाला.

"जळवा असतील," बुवांच्या शेजारची काकू म्हणाली. "पायाला चिकटल्या की जीव नकोसा होतो."

बुवांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात देवाकडं मागितलं, की वाळूच्या देशातली छपरं गळू देऊ नकोस, डुकरं आवर आणि जळवा नाहीशा कर. देवानं ऐकलं. वाळूच्या देशात एकही जळू उरली नाही. आधीही नव्हती.

असे बरेच दिवस गेले. मग बुवांच्या मनात आलं, की आपण नुसतंच अंदाजानं मागतोय. एकदा जाऊन नीट विचारून यावं. म्हणजे मागणं कसं नेमकं होईल आणि आपलं नाव तिकडंही होईल. यातली दुसरी गोष्ट ते कुणाला बोलले नाहीत. त्यांनी गाढवावर शिदोरी लादली आणि निघाले.

वाट लांबलचक होती. डोंगर संपले, नद्या संपल्या, शेवटी झाडंही संपत आली. गाढव कुरकुरत होतं, बुवा त्याला दटावत होते. आणि एके दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना, त्यांना गोरखचिंचेचं झाड दिसलं. उलटं पुरल्यासारखं. खोड एवढं जाड, की त्याच्या सावलीत अख्खी वस्ती बसली होती.

एक म्हातारी पुढं आली. तिला सगळे मोठी माय म्हणत. वस्तीत शब्द चालायचा तो तिचा. तिनं बुवांना चटईवर बसवलं. एका मुलीनं भोपळ्याचं वाडगं भरून पाणी आणलं. बुवांनी अर्धं पाणी प्यायलं, उरलेल्यानं धुळीचे पाय धुतले आणि "हाऽऽ" केलं. अख्खी वस्ती बघत होती.

मग मोठी माय समोर बसली आणि विचारायला लागली.

"वाटेत खुशाल होतात?"

"खुशाल."

"पाठ खुशाल? गुडघे?"

"खुशाल, खुशाल."

"तुमचं गाढव खुशाल?"

"आहे आपलं."

"त्याला विचारू द्या," मोठी माय म्हणाली आणि गाढवाकडं वळली. "काय रे बाबा, खुर दुखतात का? कान कसे आहेत?"

गाढव थक्क झालं. "कान बरे आहेत," ते हळूच म्हणालं. त्याचा आवाज जरा भरून आला होता.

आता विचारायची पाळी बुवांची होती. ते सरसावून बसले. यासाठीच तर एवढी पायपीट केली होती.

"गाई कशा आहेत तुमच्या?"

"खुशाल," मोठी माय म्हणाली.

"पोरंबाळं?"

"खुशाल."

"पाणी?"

"तेही खुशाल."

बुवांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. "फळलं! माझं मागणं फळलं! जळवा तर नाहीतच ना?"

"त्या काय असतात?"

"बघा! नावसुद्धा उरलं नाही!" बुवा उठलेच. "येतो मी. गावाला सांगायला पाहिजे."

"अहो पाहुणे, बसा," मोठी माय म्हणाली. "अजून तुमच्या घरच्यांचं विचारायचंय. बोलणं तर सुरूही झालं नाही."

"ते पुढच्या वेळी!" म्हणत बुवांनी गाढवाची दोरी ओढली.

वस्ती दिसेनाशी झाली आणि गाढव मटकन खाली बसलं.

"ऊठ," बुवा म्हणाले.

"नाही उठणार. मला परत जायचंय."

"का?"

"माझ्या कानांची चौकशी केली त्यांनी. तुम्ही आजवर केली का?"

"मी तुझे कान रोज धरतो."

"तेच म्हणतोय मी," गाढव म्हणालं आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

बुवांनी ढकललं, ओढलं, गूळ दाखवला. गाढवानं गूळ खाल्ला, पण उठलं नाही. शेवटी बुवा म्हणाले, "चल बाबा, चल परत." तेव्हा ते टुणकन उठलं आणि पुढं धावलं.

मोठी माय त्याच चटईवर बसलेली होती. पाहुणा मधेच उठला म्हणून विचारपूस थोडीच मोडते? तिनं हातानं बसायची खूण केली आणि राहिलं होतं तिथून पुढं सुरू केलं.

"हं. आई-वडील खुशाल?"

"गेले ते. म्हणजे, खुशाल."

"भाऊ? भावजय? शेजारी?"

"खुशाल."

"शेळ्या? चूल? अंगण?"

"खुशाल." बुवांची जीभ आता आपोआप चालत होती.

"आणि कारभारीण?"

"खुशाल," बुवा म्हणाले.

आणि थांबले. त्यांची बायको गेल्या पावसाळ्यात वारली होती.

ती गेली तेव्हा सगळं गाव चौकात जमलं होतं. बुवांच्या घराला शांती लाभो, असं सगळ्यांनी एका सुरात मागितलं होतं. मागून झाल्यावर सगळे आपापल्या घरी जेवायला गेले होते. तेव्हापासून बुवा एकटेच भाकरी थापायचे. एका बाजूनं करपायची, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. कुणी विचारलं, काय बुवा, कसं काय? तर ते म्हणायचे, बरंय.

त्यांनी मोठ्या मायकडं बघितलं. ती वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

"माय," बुवा खालच्या आवाजात म्हणाले. एवढ्या खालच्या आवाजात ते पहिल्यांदाच बोलत होते. "तुमच्यात खुशाल म्हणजे काय?"

"खुशाल म्हणजे, मी तुमचं ऐकतेय," मोठी माय म्हणाली. "माणूस दारात आला, त्याच्या घरादाराची चौकशीही झाली नाही, तोवर आपलं दुःख त्याच्या अंगावर कसं टाकायचं? सगळं विचारून होऊ द्यायचं. झाडाची सावली त्या कुंपणापर्यंत गेली, की मग बोलायचं."

बुवा बसून राहिले. मोठ्या मायनं मामाचं विचारलं, मामाच्या कुत्र्याचं विचारलं. बुवांनीही वस्तीतल्या एकेकाचं विचारलं. प्रत्येक वासराचं विचारलं. गाढव मधूनमधून आपल्यातर्फे भर घालत होतं. सावली कुंपणाला टेकली.

तेव्हा मोठी माय उठली आणि त्यांना विहिरीवर घेऊन गेली. तिनं पोहरा आत सोडला. दोर संपला. पोहरा अंधारात तसाच लोंबकळत राहिला. खाली कुठंतरी, फार खोल, पाणी चमकत होतं.

"पाणी आहे," ती म्हणाली. "पण ते खाली गेलं आणि आमचा दोर होता तेवढाच राहिला. इथं वाखाचं झाड उगवत नाही. जे उगवतं ते शेळ्या खातात. लांबच्या डबक्यातून कशीबशी वाडगी भरून आणतो. वारा सुटला की तेही आटेल. मग ज्याच्या गाईला जिकडं पाण्याचा वास येईल तिकडं तो जाईल. अशी वस्ती पुन्हा जमत नाही."

बुवांनी आपल्या पायांकडं बघितलं. "मग मला दिलंत ते पाणी?"

"त्याच डबक्यातलं. पाहुण्याला द्यायचंच असतं."

"मी त्यानं पाय धुतले, माय."

"बघितलं आम्ही. चांगले स्वच्छ धुतलेत."

बुवा परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत. गाढवानंही काही टोचून बोलायचं टाळलं, आणि गाढवासाठी ही काही सोपी गोष्ट नव्हती.

गावात पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मंडळी चौकात जमली. बुवांनी सगळं सांगितलं. विहीर, पोहरा, अपुरा दोर, येणारा वारा. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी ताबडतोब हात जोडले.

"देवा," कुणीतरी कळवळून सुरुवात केली, "त्या गरीब लोकांना कुठून तरी दोर मिळू दे."

"दोर मिळू दे!" सगळं गाव दोराच्या वेटोळ्यांवर बसून म्हणालं.

बुवांनी आवाज द्यायचा म्हणून सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. बुवांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"उठा," ते म्हणाले.

"का? अजून मागणं व्हायचंय."

"तुम्ही ज्याच्यावर बसलाय ते मला पाहिजे."

एकेकजण खाली बघायला लागला. काकू सगळ्यात आधी उठली. उठून आपल्या बुडाखालच्या वेटोळ्याकडं तिनं असं बघितलं, जणू ते आत्ताच उगवलं होतं.

"आणि मग मागणं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाटेत मागू," बुवा म्हणाले. "ओझं डोक्यावर असलं की देव आपोआप आठवतो."

आठवलाही. अर्ध्या वाटेपर्यंत तर सगळे दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नव्हते.

वस्तीवर पोचल्यावर आधी विचारपूस झाली. सगळं गाव आलं होतं, त्यामुळं ती फारच लांबली, पण कुणी उठलं नाही. मग जुन्या दोराला नवा दोर जोडला. पोहरा खाली निघाला. गाठ कठड्यावरून सरकली तेव्हा बुवा पुटपुटले, "देवा, गाठ टिकू दे." त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात छोटं मागणं होतं. शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

खालून 'डुबुक' असा आवाज आला.

मुलं ओरडली, गाई हंबरल्या. दुसऱ्या दिवशी वाळूचा वारा सुटला, आभाळ पिवळं झालं, आणि एकही झोपडी जागची हलली नाही.

निघायच्या वेळी मोठ्या मायनं बुवांना विचारलं, "आता तुम्ही सांगा. आम्ही तुमच्यासाठी देवाकडं काय मागू?"

बुवा सवयीनं म्हणणार होते, काही नको. पण विचारपूस संपली होती. सावली कुंपणाच्या पार गेली होती. आता खरंच सांगायचं असतं.

"संध्याकाळी एकट्यानं जेवायला बसवत नाही, माय," ते म्हणाले. "घास उतरत नाही."

काकू मागंच उभी होती. तिनं ते ऐकलं. तिचं घर बुवांच्या घराला लागून होतं, मधे फक्त एक भिंत.

"अहो बुवा," ती म्हणाली, "एवढ्या लांब येऊन यांना सांगताय. आम्हाला कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही विचारलं नाहीत, काकू."

"विचारलं की! कसं काय म्हणून रोज विचारते!"

"हो. आणि उत्तर द्यायच्या आत घरात जाता."

काकूनं पदर नीट केला, मग सोडला, मग पुन्हा नीट केला. "आज मुक्काम जिथं पडेल तिथं आमच्यात जेवा," ती म्हणाली. "आणि उद्याही. परवाचं परवा पुन्हा विचारीन, आणि घरी गेल्यावरही."

ती खरोखरच विचारायला लागली. तिचं बघून इतरही विचारायला लागले, आणि मग गावाची पंचाईत झाली. संध्याकाळी चौकात एकमेकांची विचारपूस सुरू व्हायची ती संपतच नसे. कुणाचं छप्पर गळतंय ते कळायचं, लगेच दोघं शिडी घेऊन जायचे. कुणाचं पोर तापलंय ते कळायचं, कुणीतरी काढा आणायला उठायचं. हे सगळं उरकल्यावर जे राहायचं, जे माणसाच्या हातचं नाही, तेवढंच देवाकडं मागायचं. ते अगदी थोडं असायचं. बुवा ते हळू आवाजात मागायचे, आणि समोरच्या डोंगरावरच्या म्हशींना निवांत चरता यायचं.

तात्पर्य: ज्याच्यासाठी देवाकडं मागायचं, त्याला आधी विचारावं, आणि विचारलं, तर त्याचं सांगून होईपर्यंत बसावं.