मृताला सांगायची वाट

एकदा एक व्यापारी परक्या बंदरात मरण पावला. समुद्रापलीकडून तो दरवर्षी लवंग-दालचिनी घेऊन येई. या खेपेला पत्नीही बरोबर होती. तापाचे निमित्त झाले आणि पहाटे त्याने प्राण सोडला. त्याच्या धर्माची काही घरे त्या गावात होती, त्यांचे प्रार्थनास्थळ होते, उपदेशकही होता. त्यामुळे दफनाची सोय चटकन झाली. अडले ते एकाच गोष्टीपाशी.

त्या स्त्रीच्या मुलखात अशी रीत होती, की कोणी परगावी वारला तर त्याला कबरीत ठेवल्यावर, चेहऱ्यावर माती पडण्यापूर्वी, घरच्या माणसाने कानाशी बसून त्याला घरची वाट सांगायची. कोणत्या धक्क्यावर उतरायचे, कुठे डावीकडे वळायचे, दाराशी कसले झाड आहे, सगळे सांगायचे. म्हणजे मेलेला माणूस चुकत नाही, आपल्या लोकांत पोहोचतो. एकदा चेहरा झाकला गेला, की त्याला काही ऐकू येत नाही.

उपदेशकाने हे ऐकले आणि हात झटकले. "आत्मा ईश्वराकडे जातो. तो काय गलबतात बसून घरी जाणार आहे? आपल्या ग्रंथात असले काही नाही."

बाईने आकांत केला. तेव्हा लोकांनी सुचवले, गावाबाहेरच्या आश्रमात सर्व धर्मांच्या ग्रंथांचा अभ्यास चालतो, तिथे विचारू.

आश्रमातले वृद्ध आचार्य त्या सकाळी शेजारच्या गावी गेले होते. होता तो त्यांचा पट्टशिष्य. जगातले झाडून सारे धर्म त्याने अभ्यासले होते. कोणता आचार मूळचा आणि कोणता मागाहून चिकटलेला, हे तो तांदळातले खडे वेचावेत तसे वेचून दाखवी. त्या बाईकडे त्याने धड पाहिलेही नाही. ग्रंथ उघडला, दोन-चार ठिकाणी बोट ठेवले आणि निवाडा दिला, "उपदेशकांचे म्हणणे यथार्थ आहे. हा धर्म नव्हे, बाई. ही केवळ तुमच्या प्रांताची रूढी आहे."

असे निवाडे देणारी माणसे मला आजही सभासंमेलनांत भेटतात. दुसऱ्याच्या श्रद्धेची चिरफाड करताना त्यांचा आवाज कसा थंड असतो, पाहिलेत? खरे सांगतो, माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

दुपारी आचार्य परतले. जेवणाची पाने मांडली होती. शिष्याने सकाळचा प्रसंग मोठ्या समाधानाने सांगितला. आचार्यांनी एवढेच विचारले, "दफन केव्हा आहे?"

"ऊन उतरल्यावर."

"मग अवकाश आहे," असे म्हणून ते पाटावर बसले. पण त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती.

शिष्याने नेहमीप्रमाणे दहीभाताचा एक लहान घास पानाबाहेर काढून ठेवला. त्याची धाकटी बहीण विहिरीत बुडून गेली होती. तिला दहीभात फार आवडे, म्हणून त्याच्या आईने तिच्या नावाने हा घास काढायला सुरुवात केली होती. आईच्या माघारी तो काढत असे. आश्रमात हे सर्वांना ठाऊक होते, आचार्यांनाही.

आचार्यांनी हात लांबवला, तो घास उचलला आणि खिडकीतून बाहेर भिरकावून दिला.

शिष्य ताडकन उठला. "गुरुजी! काय केलंत हे? माझ्या बहिणीचा घास आहे तो!"

"कोणत्या ग्रंथात सांगितला आहे?"

"ग्रंथात कशाला हवा? माझी आई..."

"म्हणजे तुमच्या घरची रूढी. धर्म नव्हे."

शिष्याने मूठ आवळली. "तुम्ही गुरू नसतात तर..."

"तर हात उगारला असतास. उगारायलाच हवा. मग त्या बाईने तुझ्यावर का नाही उगारला, सांग. कारण ती परमुलखात एकटी होती, आणि तुझ्या मांडीवर ग्रंथ होता!" आचार्यांचा आवाज अंगणापर्यंत गेला. "अरे, ग्रंथ म्हणतो की मृत ईश्वराकडे जातो. ती कुठे नाही म्हणते? पण ईश्वर तिला भेटला तो आईच्या बोलण्यात, गावच्या गाण्यांत, दाराशी लावलेल्या दिव्यात. ते सारे सोलून काढलेस तर तिच्या हातात उरते काय? तुझा निवाडा? आपल्या घरचे ते प्रेम आणि दुसऱ्याच्या घरचे ते अडाणीपण, हे कुठल्या शास्त्रात शिकलास?"

शिष्याने कसेबसे विचारले, "मग काय, प्रत्येक रूढी डोक्यावर घेऊन नाचायची?"

"जी रूढी माणसाला जाळते, त्याचा विटाळ मानते, उपाशी ठेवते, तिच्यावर तुटून पड. मी तुझ्या पुढे असेन. पण ही बाई आपल्या नवऱ्याला घरची वाट सांगणार होती. त्यात कोणाचे काय बिघडत होते? तुझे काय जात होते?"

शिष्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याला समजले. एरवी अशी गोष्ट इथे संपते, आणि ऐकणारे माना डोलावून घरी जातात. पण ही इथे संपली नाही.

दोघे पाने तशीच टाकून धावत सुटले. दफनभूमीच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा माणसे हात धूत होती. बाईचे रडणे ऐकून दोन-तीन घरांतले लोक तिच्या बाजूने बोलू लागले होते. वाद वाढू नये म्हणून उपदेशकाने उन्हातच सगळे उरकून घेतले होते. "आश्रमाचाच निवाडा होता," तो आचार्यांना म्हणाला.

गोष्टींतले गुरू नेहमी वेळेवर पोहोचतात. हे पोहोचले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही क्षमा करू शकलेलो नाही. त्यांनी स्वतःलाही केली नाही. "मला तुला शिकवायची घाई झाली," ते शिष्याला म्हणाले. "आधी इथे यायचे होते. तू ग्रंथासाठी तिला टाकलीस, मी धड्यासाठी."

बाई ताज्या मातीपाशी बसली होती. आता रडत नव्हती. संध्याकाळच्या भरतीला तिचे गलबत सुटणार होते. गलबताचा तांडेल दोनदा बोलावून गेला. ती हलली नाही.

"मी नाही येत," ती त्याला म्हणाली. "इथल्या मेलेल्यांत हा कुणाला ओळखत नाही. याला सोडून कशी जाऊ?"

शिष्य पुढे झाला, गुडघ्यांवर बसला, तिच्या पायांवर डोके ठेवले. "माई, माझी चूक झाली. मला क्षमा करा."

तिने त्याच्याकडे पाहिले. सकाळी त्याने तिच्याकडे पाहिले नव्हते, तिने मात्र पुष्कळ वेळ पाहिले.

"केली, बाळा," ती म्हणाली. "पण त्याला आता वाट कोण सांगणार?"

गलबत तिला न घेताच सुटले.