साळिंदराचा विस्तव

थंड डोंगराच्या कुशीत एक जंगल होते आणि त्या जंगलात एक साळिंदर राहत असे. मुलांनो, त्या जंगलाला ऊब मिळे ती अस्वलाच्या मोठ्या शेकोटीची. तिचे लाकूड येई नदीपलीकडून, हत्तींच्या रानातून. हत्तींची मर्जी फिरली तर काय, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. तहान लागल्यावर विहीर खणायची, ही तर तिथली जुनी रीत. साळिंदराला मात्र तो प्रश्न पडला. धनगरांच्या जुन्या तळावरून त्याने एक मडके आणले, त्यात शेकोटीतला विस्तव घेतला आणि गोवरीचे तुकडे घालून तो बिळाशी जपू लागला.

शेजारच्या सशिणीला हे मुळीच रुचले नाही. तिचे पहिले घर एका ठिणगीने जळाले होते. वारा सुटला तर, मडके कलंडले तर, अशी तिची रोज कटकट असे. साळिंदर चिडून काटे फुलवी, पण ती गेली की तिचे म्हणणे मनात घोळवी. मग त्याने विस्तवावर राख पसरली, मडके अर्धे जमिनीत पुरले, जराशी फट ठेवून वर दगडी झाकण घातले आणि भोवतालचे गवत उपटून टाकले. तरी सशीण विचारीच, "तू झोपलास तर पाहणार कोण?"

पुढे हत्तींचे अस्वलाशी बिनसले. लाकूड थांबले, शेकोटी विझली आणि नेमकी त्याच हिवाळ्यात सशिणीला पिल्ले झाली. अंगावर केसही न आलेली ती पिल्ले थंडीने गारठू लागली. सशीण त्यांना घेऊन साळिंदराच्या दारात आली खरी, पण बाहेरच थबकली.  साळिंदराने पिल्लांना मडक्याजवळ गवतावर निजवले आणि झाकण थोडे सरकवले. दुपारपर्यंत पिल्ले पाय झाडू लागली.

सशिणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मी तुला इतके बोलले आणि तूच माझी पिल्ले वाचवलीस. हे उपकार कसे फेडू?"

"उपकार तुझेही आहेत," साळिंदर म्हणाला. "तू बोलली नसतीस, तर विस्तव उघडा ठेवूनच मी झोपलो असतो. तुला त्याची भीती वाटते ना? मग पहारा तूच दे."

त्या हिवाळ्यात बिळाबिळाशी एकेक मडके पुरले गेले. प्रत्येक झाकण सशीण स्वतः पाहून येई आणि तिची टुणटुणीत पिल्ले तिच्या मागे असत.

तात्पर्य : दूरच्या मोठ्या शेकोटीपेक्षा दाराशी राखलेला विस्तव भरवशाचा, पण विस्तव राखणाऱ्याचे आभार मानताना, त्यावर झाकण घालायला लावणाऱ्यालाही विसरू नये.