काकांचं न फसणारं नाक

मोठ्यांचं निमूट ऐकावं म्हणे. कॉलेज सोडल्यापासून शेजारच्या विद्वांसकाकांचं ऐकून माझे कान किटलेत. त्या दिवशी मात्र त्यांनाच ऐकावं लागलं.

हर्षाली तांडेल नर्स. हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून तिला काकांची वरची खोली भाड्याने हवी होती. सगळं ठरलं आणि काकांनी आडनाव विचारलं.

"तांडेल? मग नाही जमायचं. मासे खाणाऱ्यांच्या घामालाच वास मारतो."

"खोलीत मासे नाही शिजवणार, काका."

"अगं, अंगातच मुरलेला असतो तो! माझं नाक फसत नाही."

माझं डोकं फिरलं. हर्षाली मात्र पाणी मागायला आत काकूंकडे गेली, ती दोन घामट टॉवेल घेऊनच बाहेर आली.

"यातला माझा कुठला ते सांगा. ओळखलात तर मी निघाले. चुकलात तर किल्ली द्यायची."

काकांनी ऐटीत पहिला हुंगला. "हा माझा. सात्त्विक!" दुसरा नाकाला लावला मात्र, लगेच अंगणात भिरकावला. "शी! बोंबील!"

"दोन्ही तुमचेच आहेत, काका. एक कालचा, एक आजचा."

"अशक्य! मग एवढा वास कसला?"

"तुम्ही रोज घेता त्या कच्च्या लसणाचा आणि मेथीच्या पाण्याचा," काकू दारातून म्हणाल्या. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून हर्षालीच्या हातात ठेवली. "लग्न झाल्यापासून त्या वासाशेजारी झोपतेय मी. कधी वेगळी खोली मागितली?"