आतली मुलाखत

“पाचशे बारा पानं वाचली बुवा, आणि हाती भोपळा! लोकांना एवढं काय दिसलं या कादंबरीत?”

विद्याधरनं ते जाडजूड पुस्तक हातमागाशेजारी आदळलं आणि मटकन खाली बसला.

कॉलेजात मराठी शिकवणारा हा माणूस. त्यानं वर्तमानपत्रात बरं म्हटलं की पुस्तक खपायचं, आणि त्याचा त्याला तोराही होता. अलीकडे मात्र पुस्तक उघडायचाच त्याला शीण यायचा.

भैरूबुवा उभ्या मागापलीकडे सतरंजी विणत राहिले. तरुणपणी हातून खून झाला, चौदा वर्षं तुरुंगात गेली. विणकाम तिथंच शिकले. आता नदीकाठच्या मठात तेच काम, आणि कुणी विचारलंच तर दोन शब्द.

“कशाची आहे गोष्ट?”

“खून करून तुरुंगात गेलेल्या माणसाची. सगळ्यांनी नुसती डोक्यावर घेतलीय. लेखकाच्या मुलाखती तर विचारू नका. पंधरा वाचल्या मी.”

“आणि आतल्या माणसाची मुलाखत?”

विद्याधर गोंधळला. मग त्याला आठवलं, तुरुंगात घरचं माणूस भेटायला येतं त्याला मुलाखतच म्हणतात.

“कुणी येत नाही त्याच्याकडे. तो आपला पानंच्या पानं आभाळ बघतो आणि पस्तावतो. सकाळी चहा देतात की नाही, एवढं साधं लिहिलेलं नाही, बुवा! थंडीत पांघरायला काय देतात, तेही नाही. आणि त्याला तर उठल्या उठल्या चहा लागतो…”

माग थांबला.

“कुणाला? पुस्तकातल्याला?”

“माझ्या धाकट्या भावाला. मुकुंदाला.”

“किती वर्षं झाली?”

“सहा. भांडणात त्याच्या हातून माणूस गेला. कॉलेजात कुणाला माहीत नाही.”

“गेलास कधी?”

विद्याधरनं नकारार्थी मान हलवली.

“वाटलं, वाचून कळेल,” तो म्हणाला. “तुरुंगावरचं एक पुस्तक सोडलं नाही मी. आता थकलो, बुवा.”

मागावर ताणलेल्या दोऱ्यांना बुवांनी पलीकडून तळहात टेकवला, आणि तसाच धरून ठेवला.

विद्याधरला आधी काही उमगेना. मग त्यानं अलीकडून आपला हात लावला. दोऱ्यांमधून म्हाताऱ्या हाताची ऊब लागली.

“आमच्या तिथं मुलाखतीला मधे जाळी असायची,” बुवा म्हणाले. “आई यायची. बोलायची काहीच नाही.”

विद्याधरला रडू आवरेना. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं.

“बुधवारी असते मुलाखत,” तो पुटपुटला. “उद्याच.”

तो उठला. सवयीनं त्यानं पुस्तक काखेत मारलं.

“ते राहू दे इथं,” बुवा म्हणाले. “मुलाखतीला पुस्तक आत नेऊ देत नाहीत.”