धनेशाची पक्की भिंत

बालमित्रांनो, घर बांधणाऱ्या प्राण्यांच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्यांचे पाठभेदही पुष्कळ. पुढील कथा कोणी साळिंदराची म्हणून सांगतात, कोणी खारीची म्हणून. एका पाठात घरातली पिल्ले वाचत नाहीत, तर दुसऱ्यात पिल्ले मुळी नसतातच. धनेश पक्ष्याचा हा पाठ त्या मानाने अलीकडचा असावा, कारण त्यात पूल येतो. मात्र घर बांधणाऱ्याचा शीण सर्वच पाठांत आहे. तेव्हा कथेचा गाभा तोच मानावा लागतो.

घाटाखालच्या एका जंगलात, जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशांचे एक जोडपे दरवर्षी संसार मांडीत असे. ढोली नराच्या आजोबांपासून चालत आलेली होती. धनेशांची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते. नर ओढ्याकाठची माती चोचीतून आणून देतो. त्या मातीत आपली विष्ठा आणि उंबराचा गर कालवून ती ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. मग ती जुनी पिसे गाळते, अंडी उबवते, आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. पिल्ले वाढली, तिला नवी पिसे फुटली, की ती चोचीने भिंत फोडते. दरवर्षी लिंपायचे आणि दरवर्षी फोडायचे, असा तो क्रम होता.

त्या वर्षी धनेश फार थकला होता. ओढ्याचे पाणी आटत दूर गेले होते, आणि प्रत्येक खेपेला पंख जड होत होते. वाटेत बांधकाम चाललेल्या एका पुलाच्या कठड्यावर एक कावळा बसलेला असे.

"काय धनेशराव, अजून चिखलच वाहताय?" कावळा म्हणाला. "आजोबा गेले चिखल वाहता वाहता, तुम्हीही तसेच जाल. खाली बघा जरा. माणसं तो राखाडी चिखल कालवतात ना, तो वाळला की दगड होतो दगड! एकदा लिंपा, नातवंडांपर्यंत बघायला नको."

"तुमचं स्वतःचं घर तर काटक्यांचं आहे," धनेश म्हणाला.

"आम्हाला कुठे दार लावून घ्यायचं असतं!" असे म्हणून कावळा भाकरीच्या तुकड्यामागे उडाला.

धनेशाने हे उत्तर ऐकले, पण त्यावर विचार करण्याइतके त्राण त्याच्यात नव्हते. त्याने पुलापाशी सांडलेला ओला राखाडी चिखल चोचीत भरला. ढोलीतून मादी म्हणाली, "अहो, याला मातीचा वास नाही."

"वास काय करायचाय? पक्की भिंत होईल. पुढच्या वर्षी एवढ्या खेपा तरी नकोत."

मादीने त्याच्या लोंबणाऱ्या पंखांकडे पाहिले आणि लिंपायला घेतले. पुढच्या वर्षी या पक्क्या भिंतीतून आत कसे शिरायचे, किंवा याच वर्षी बाहेर कसे यायचे, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही.

उन्हाळा चढला. मातीची भिंत आतला दमटपणा शोषून बाहेर सोडीत असे. ही भिंत नुसती तापू लागली. "फार उकडतंय हो," मादी फटीतून म्हणे, आणि धनेश रसाळ उंबरे शोधायला आणखी दूर जाई. पिल्ले वाढली, ढोली अपुरी पडू लागली. अखेर मादीने भिंतीवर चोच मारली. टवकाही उडाला नाही. धनेशाने बाहेरून घाव घातले, तेव्हा त्याच्याच चोचीची कड उडाली. आत पिल्ले धापा टाकत होती.

कावळा येऊन पाहू लागला. "भिंत मात्र झकास झालीय," तो म्हणाला. धनेश घाव घालतच राहिला.

थोड्या वेळाने मादीचा आवाज आला. "अहो, भिंत राहू द्या. कडेचं लाकूड सडलंय. झाड फोडा."

"अगं, पण मग ढोली उरायची नाही. आजोबांची ढोली!"

"पिल्लं राहतील की."

धनेश त्या कडेच्या फांदीवर सरकला. मग त्याने सडक्या लाकडात चोच घातली. मादी आतून पोखरू लागली, तो बाहेरून. संध्याकाळपर्यंत ढोलीची एक बाजू फुटली आणि राखाडी भिंत अखंडच्या अखंड निसटून खाली पडली. मागोमाग मादी आली, आणि मग एकेक करून पिल्ले. वर ढोलीच्या जागी मोठे भगदाड उरले होते. त्यात आता कोणालाही राहता येणार नव्हते.

पुढच्या वर्षी बेहड्याखाली तो राखाडी तुकडा तसाच पडून होता. त्याच्यावर गवत उगवले नव्हते. धनेशाला बऱ्याच शोधानंतर दूरच्या एका आंब्याला लहानशी ढोली मिळाली. मादी आत शिरली. धनेश ओढ्यावर उतरला आणि कड उडालेल्या चोचीत त्याने ओली माती उचलली.

तात्पर्य : मातीचे घर पुन्हापुन्हा लिंपावे लागते, त्याचा शीण खरा आहे, तरीही राहणाऱ्याला स्वतः मोडता येईल आणि पुन्हा उभारता येईल, अशीच भिंत घराला असावी.