हॉबच्या झुडपाचा वळसा

ॲशकोम गावची शीव ओढ्याच्या अलीकडून जाते. एकाच ठिकाणी ती ओढा ओलांडते, पलीकडच्या एका काटेरी झुडपाला वळसा घालते आणि परत येते. नकाशात ते पोट सुटलेलं पाहून पाहुणे हसतात. मग चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या मिसेस गॉडबी त्यांना मेबलची हकीकत सांगतात.

मेबलचा नवरा हॉब मेंढपाळ होता. दर वसंतात सगळं गाव पाद्रीबाबांसह शिवेची फेरी काढायचं, तेव्हा हातात काठी घेऊन पुढे चालायचा मान त्याचा. नकाशे नव्हतेच, काठी जाईल ती शीव, आणि काठीची पाठ कोणी सोडायची नाही, असा रिवाज होता म्हणे.

एका वर्षी फेरीच्या आदल्या दिवशी बुडती मेंढी काढताना हॉब गेला. देह सापडला पलीकडे, त्या काटेरी झुडपापाशी, मार्लटन गावच्या हद्दीत. मार्लटनच्या पाद्र्यानं कानांवर हात ठेवले: माणूस तुमचा. ॲशकोमचे पाद्रीबाबा म्हणाले, जमीन त्यांची, पुरायचं त्यांनी. आणि निवाडा होईपर्यंत देह हलवायचा नाही. चर्चच्या आवारात जागा न मिळालेला जीव भटकत राहतो, अशी तेव्हाची समजूत. मेबल पायाला भिंगरी लागल्यासारखी दोन्ही चर्चच्या दारांत हिंडत राहिली. धड रडायलाही तिला उसंत मिळाली नाही.

सकाळी हॉबची काठी घेऊन तीच फेरीच्या पुढे उभी राहिली. नवऱ्याचा मान बायकोनं चालवला, त्याला कोण नाही म्हणणार? ओढ्याशी मात्र ती वळली नाही. सरळ पाण्यात शिरली. मागे कुजबुज उठली. कोणी येतंय की नाही, हे वळून पाहायची तिची छाती होईना. मग मागे पाण्यात एक पाऊल वाजलं. मग आणखी एक. बघता बघता सगळं गाव ओढ्यात उतरलं.

हॉबच्या देहाला वळसा घालून ती थांबली. ओला झगा सावरत पाद्रीबाबा सगळ्यांत शेवटी पोचले.

"आता सांगा बाबा, हा कोणाचा?" तिनं विचारलं.

पाद्रीबाबांनी तिच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, असं सांगतात. मग म्हणाले, "आमचा."

आता तिथे चांगला दगडी पूल आहे. तरी आजही फेरीतलं कोणी त्यावरून जात नाही. बूटमोज्यांसकट सगळे पाण्यात उतरतात. ओढ्याच्या मधोमध काठीवाला थांबतो, वळतो आणि पाद्र्याला विचारतो, "हा कोणाचा?" उत्तर मिळेपर्यंत कोणी पाण्याबाहेर पाय ठेवत नाही.